वळखता न्हवं?

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीच्या मंडईत गेले होते. आक्का नेहमीच्या कोपऱ्यात पोतं अंथरून बसल्या होत्या. त्यांनी मेथीची पेंढी झटकली, मुळांची माती पाडली, माझ्या पिशवीत घातली, वर न मागता कढीपत्त्याच्या दोन काड्या टाकल्या आणि उरलेले पैसे द्यायला डावा हात पुढं केला. त्या हातावरच माझी नजर अडकली. तारीख ८ मे २०२४. आदल्या दिवशी लोकसभेचं मतदान झालेलं, त्यामुळं मंडईत ज्याच्या त्याच्या डाव्या तर्जनीवर काळी रेघ होती. कांदेवाल्याच्या होती, चहावाल्याच्या होती, शेजारी लिंबं विकणाऱ्या बाईच्या होती. आक्कांच्या तर्जनीला मेथीचा हिरवट डाग होता, नखाच्या कडेत माती होती. शाई नव्हती. ती का नव्हती हे अख्ख्या मंडईत आम्हा दोघींनाच माहीत होतं.

त्या काही बोलल्या नाहीत. मीही पैसे न मोजताच पाकिटात टाकले.

मी प्राथमिक शिक्षिका. शाळा सांभाळून गेली काही वर्षं बीएलओचं काम करते, म्हणजे मतदार यादीचा एक भाग माझ्याकडं असतो. त्या भागात कुणाकडं नवी सून आली, कोण वारलं, कुठला भाडेकरू सोडून गेला, कुणाच्या पोराला अठरा पूर्ण झाली, हे सगळं दारोदार फिरून टिपायचं. माझा भाग सुतारवाड्याच्या बाजूचा. पंचगंगा पात्राबाहेर आली की शहरात पहिल्यांदा ज्यांना घर सोडावं लागतं ती ही वस्ती. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यांबरोबरच पाठ होतात. २०१९ आणि २०२१, दोन्ही साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पाणी उतरल्यावर मी त्या गल्लीत गेले होते. भिंतीला छातीइतक्या उंचीवर चिखलाची सरळ रेघ, कुजलेल्या धान्याचा आंबूस वास आणि अंगणातल्या दोरीवर चिमट्यांनी लावलेले कागद. शाळेचे दाखले, गॅसची पुस्तकं, लग्नाचे फोटो. आक्कांनी मला त्यांचं मतदार कार्ड दाखवलं होतं. जुनं, प्लास्टिकमध्ये दाबलेलं. कडेच्या फटीतून पाणी आत शिरलेलं, आणि चेहऱ्याच्या जागी राखाडी ढग तेवढा उरलेला. एक कान दिसत होता, त्यातली कुडी दिसत होती. "ही मीच हाय बरं का," असं म्हणून त्या हसल्या होत्या. मी म्हटलं, नवीन काढून देते. एक अर्ज भरायचा, अर्ध्या तासाचं काम. पण पुराच्या पंचनाम्यांच्या धांदलीत ते राहिलं, मग शाळा सुरू झाली, मग राहूनच गेलं.

एप्रिल महिन्यात मी मतदार चिठ्ठ्या वाटायला गेले तर आक्कांच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, लेकीकडं गेल्यात इचलकरंजीला, नातीचं बाळंतपण आहे. दुसऱ्यांदा गेले, तेव्हाही कुलूप. चिठ्ठी ज्यांना पोचत नाही त्यांची एक वेगळी यादी आम्हाला करावी लागते: गैरहजर, स्थलांतरित, मयत. आम्ही तिला एएसडी यादी म्हणतो. मतदानाच्या दिवशी ती केंद्राध्यक्षांच्या टेबलावर असते आणि त्यातला कुणी मतदार आला तर त्याची ओळख जास्त काटेकोरपणे तपासली जाते, अंगठाही घेतला जातो. नियम चांगल्या हेतूनं केलेला आहे. बाहेरगावी असलेल्या माणसाच्या नावावर दुसऱ्यानं मत टाकू नये म्हणून. मी आक्कांच्या नावापुढं गैरहजर म्हणून खूण केली. उन्हानं डोकं दुखत होतं, पिशवीत अजून शंभरेक चिठ्ठ्या होत्या. हात थांबला नाही, हे मला स्पष्ट आठवतं.

सात मेला आमचं मदतीचं टेबल शाळेच्या फाटकाजवळ, निंबाच्या झाडाखाली. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. दुपारी दोनच्या सुमारास आक्का आल्या. नवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात रेशन कार्ड. सकाळीच इचलकरंजीहून आले, म्हणजे त्यांच्या भाषेत "आलो", कारण आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःला पुरुषासारखंच बोलतात. मी यादीत नाव शोधून दिलं. त्या आत गेल्या आणि पाचच मिनिटांत बाहेर आल्या. आत केंद्राध्यक्ष दुसऱ्या तालुक्यातले, पन्नाशीचे, भले गृहस्थ. त्यांनी कार्ड मागितलं, आक्कांनी रेशन कार्ड पुढं केलं. मतदार कार्ड नसेल तर चालणाऱ्या कागदांची यादी भिंतीवर चिकटवलेली होतीच: आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड, पेन्शनचे कागद आणि आणखी काही, असे बारा. रेशन कार्ड त्यात नाही. आक्कांचं आधार इचलकरंजीला, नातीच्या दवाखान्याच्या फायलीत राहिलेलं. बँकेचं पासबुक पुरात गेल्यावर बिनफोटोचं नवीन मिळालेलं.

मी उठून आत गेले. तिन्ही पक्षांचे पोलिंग एजंट बसले होते, तिघंही गल्लीतलीच पोरं. एक जण म्हणाला, "सर, आक्का हायत त्या. आमच्या लग्नातली भाजी सगळी त्यांच्याकडनं." दुसरा म्हणाला, फोटो मागवून घेऊ की व्हॉट्सॲपवर. एरवी ही पोरं एकमेकांच्या मतदारावर हरकत घ्यायला टपलेली असतात; दोन रुपये भरले की तोतया मतदार म्हणून आक्षेप घेता येतो. पण इथं तिघंही एका बाजूला. केंद्राध्यक्षांनी चष्मा काढून डोळे चोळले. "बाई, मलाही दिसतंय. पण यादीत खूण आहे आणि मूळ कागद लागतो. उद्या मला कुणी विचारलं तर मी काय दाखवू?" खूण कुणी केली हे त्यांना माहीत नव्हतं. आक्का माझ्याकडं वळल्या.

"बाई, तुमी मला वळखता न्हवं? मग सांगा की त्यास्नी."

मी सांगितलंच होतं. सांगून उपयोग नव्हता. "जाऊन येतो की मी इचलकरंजीला," असं म्हणून त्या निघाल्या. त्या दिवशी एसटीच्या बऱ्याच गाड्या निवडणुकीच्या कामाला गेलेल्या. साडेपाचनंतर आभाळ भरून आलं, वळवाचे टपोरे थेंब पडायला लागले, मातीचा वास सुटला आणि उन्हासाठी घरात थांबलेली माणसं एकदम बाहेर पडली. सहा वाजता फाटक बंद झालं. तेव्हा जे रांगेत असतात त्यांना केंद्राध्यक्ष सही केलेल्या चिठ्ठ्या देतात, आणि त्या रांगेच्या शेवटापासून पुढं वाटत येतात, म्हणजे मागून नवीन कुणी घुसू शकत नाही. मी शेवटच्या माणसाकडं बघत होते. तो एक कॉलेजचा मुलगा होता, कानात इअरफोन. त्याला पहिली चिठ्ठी मिळाली. सहा वाजून वीस मिनिटांनी आक्का फाटकाशी आल्या. भिजलेल्या, धापा टाकत, लुगड्याच्या ओच्यात आधार कार्ड गुंडाळलेलं. पोलिसानं हातानं नाही म्हणून सांगितलं. त्यांनी फाटकाच्या गजांतून कार्ड माझ्याकडं धरलं आणि म्हणाल्या, "गाडी भरंना, म्हणून हलंना."

आमच्या कोल्हापुरात त्या निवडणुकीत मतदान ७० टक्क्यांच्या वर गेलं, त्या टप्प्यात राज्यात सगळ्यांत जास्त. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पहिल्या पानावर ते होतं. आम्हा बीएलओंच्या ग्रुपवर अभिनंदनाचे हार-तुरे आले. मला खरंच अभिमान वाटला, आणि त्याच वेळी तो आकडा वाचताना गजांतून आलेला हात दिसत राहिला.

मी ओळखपत्राच्या विरोधात नाही. होऊच शकत नाही, कारण माझ्या वडिलांचं मत चोरीला गेलं होतं. वडील उद्यमनगरात एका फाउंड्रीत मोल्डर होते. मी लहान होते तेव्हाच्या एका निवडणुकीत ते पहिली पाळी करून, अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आईबरोबर मतदानाला गेले, आणि आतून त्यांना सांगण्यात आलं की तुमचं मत झालंय. बोट स्वच्छ, आणि मत झालंय. वडिलांनी वाद घातला तेव्हा त्यांना एक वेगळी मतपत्रिका देण्यात आली. तिला प्रदत्त मत म्हणतात. शिक्का मारायचा, घडी घालायची, आणि ती पेटीत न जाता पाकिटात जाते. मतमोजणीत ती धरत नाहीत. कोर्टात प्रकरण गेलं तर उघडायची म्हणून ठेवतात. हे कुणीतरी वडिलांना नंतर समजावून सांगितलं. त्या रात्री ते जेवले नाहीत. पुढं मरेपर्यंत प्रत्येक निवडणुकीला सकाळी पावणेसातला ते केंद्राच्या दारात उभे असायचे, माझ्याआधी कोण माझं मत टाकतो बघू, म्हणायचे. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी १९९३ मध्ये फोटोच्या ओळखपत्राचा आग्रह धरला आणि पुढं ती कार्डं आमच्या गल्लीपर्यंत आली, तेव्हा सगळे त्या फोटोंना हसत होते, कुणाचे डोळे मिटलेले, कुणाचं नाव भलतंच. वडील हसले नाहीत. त्यांनी ते कार्ड देवघराच्या खणात ठेवलं. आजही तिथंच आहे.

म्हणून मी जेव्हा ऐकते की ओळखपत्र मागणं म्हणजे गरिबांना हाकलण्याचा डाव आहे, तेव्हा मला वडील आठवतात. आणि जेव्हा ऐकते की ज्याच्याकडं कागद नाही त्याच्यात काहीतरी काळंबेरं असणार, तेव्हा आक्का आठवतात. दोघंही एकाच शहरातली, एकाच तऱ्हेनं रांगेत उभी राहिलेली. त्यातल्या एकाला कागद नव्हता म्हणून लुबाडलं गेलं, दुसरीला कागद नव्हता म्हणून परत पाठवलं गेलं.

आपल्याकडं बायकांच्या बाबतीत तर हे कागद जुळवणं म्हणजे वेगळीच शिक्षा. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवऱ्याकडून नवं नाव लिहून घ्यायचं, पेढे वाटायचे, आणि त्या दिवसापासून मुलीचं आडनाव बदलतं, वडिलांचं नाव जातं, कित्येकदा तिचं स्वतःचं नावही जातं. माझ्या भागात एकाच बाईची तीन नावं मी पाहिली आहेत. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, रेशन कार्डावर सासरचं, आणि आधारवर ज्यानं नोंद केली त्याला जसं ऐकू आलं तसं. आक्कांचंही तसंच. गल्लीत त्यांना खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, १९५१-५२ मध्ये, जवळजवळ २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली होती, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच सांगितलं. बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारताच्या बाजूच्या. सुकुमार सेन तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त. त्यांनी ठरवलं की नाव हवंच, नात्यावर नोंद करायची नाही. मला हा निर्णय बरोबर वाटतो. बाईला तिच्या नावानं मोजलं गेलं ते त्यामुळं. पण त्या २८ लाख बायकांना त्या वेळी मत देता आलं नाही, हेही तितकंच खरं, आणि त्यातल्या किती जणींना पुढच्या निवडणुकीपर्यंत आयुष्य मिळालं असेल असा विचार मनात येतो. माझी आजी त्यांत नव्हती. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं, आणि तीनच वर्षांनी कालपर्यंत महाराजांची प्रजा असलेल्या आजीनं मत दिलं. नऊवारीच्या पदराआडून तिनं नवऱ्याचं नाव उखाण्यात घेतलं आणि आपलं नाव मात्र मोठ्यानं सांगितलं, ही गोष्ट आई नेहमी सांगायची.

अमेरिकेतली एक हकिकत वाचली होती, ती मला सात मेनंतर फार छळू लागली. इंडियाना राज्यात मतदानाला सरकारी फोटो ओळखपत्र सक्तीचं करणारा कायदा झाला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २००८ मध्ये तो वैध ठरवला. त्यानंतर आठच दिवसांनी इंडियानात प्राथमिक, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणारी, निवडणूक होती. साउथ बेंड शहरातल्या एका मठातल्या दहा-बारा वृद्ध नन मतदानाला गेल्या. ऐंशी-नव्वदीच्या बायका, गाडी चालवत नाहीत म्हणून परवाना नाही, परदेशी जात नाहीत म्हणून पासपोर्ट नाही. त्यांना परत पाठवण्यात आलं. आणि परत पाठवणारी कर्मचारी कोण, तर त्याच मठातली एक सिस्टर. त्याच जेवणघरात जेवणारी, त्यांच्याच प्रार्थनेत बसणारी. तिनं नियम पाळला. त्या संध्याकाळी त्या सगळ्या जणी एकाच टेबलावर जेवायला बसल्या असतील, तेव्हा तिनं कुणाच्या ताटात काय वाढलं असेल? मी मेथी निवडत बसले की मला ते टेबल दिसतं.

तिथले वाद इथं जसेच्या तसे लागू होत नाहीत हे मला कळतं. आपल्याकडं यादी निवडणूक आयोग करतो, घरोघर माणूस पाठवतो, एका कागदाऐवजी बारा कागद चालवून घेतो. दाराशी येणारा तो माणूस मीच असते, आणि म्हणूनच त्याची जबाबदारी मला जास्त वाटते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये बिहारच्या मतदार यादीतून सुमारे ६५ लाख नावं वगळल्याची बातमी आली, तेव्हा घरातले सगळे आपापल्या पक्षाप्रमाणं बोलत होते. मी गप्प होते. मयत, स्थलांतरित, दुबार: ही वर्गवारी मी स्वतः भरते. यादीत मेलेली नावं असतात, ती काढलीच पाहिजेत. मीही काढलीत, कित्येक, आणि प्रत्येक वेळी घरच्यांच्या हातचा चहा घेऊन. पण मयत म्हणून वगळलेले दोघं जण सर्वोच्च न्यायालयात जिवंत उभे केले गेले, हे वाचलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्यांच्याही नावापुढं कुणीतरी माझ्यासारखंच उन्हात, घाईत खूण केली असेल. दोनच दिवसांनी न्यायालयानं सांगितलं की वगळलेली सगळी नावं कारणांसह जाहीर करा. मला त्यातला "कारणांसह" हा शब्द फार मोलाचा वाटला. आक्कांच्या नावापुढं मला कारण लिहावं लागलं असतं, तर मी काय लिहिलं असतं? नातीच्या बाळंतपणाला गेल्यात. हे लिहिताना तरी हात थांबला असता.

माझं म्हणणं एवढंच आहे की नाव यादीत असलेल्या माणसानं मीच तो हे दाखवावं, जरूर दाखवावं, पण ते दाखवायचं साधन त्याच्या हातात आधी पोचवणं हे आमचं काम आहे. पूर, आग, स्थलांतर, बोटांची झिजलेली कातडी, हे त्याचे गुन्हे नव्हेत. आणि खूण करताना चूक झाली तर तिची भरपाई त्याच्या पायांना करायला लावणं मला तरी बरोबर वाटत नाही. त्या दिवशी चूक माझी होती आणि पासष्ट किलोमीटरचा हेलपाटा सत्तरीच्या बाईला पडला.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी मी आक्कांचा नमुना ८, म्हणजे नव्या कार्डाचा अर्ज, भरला. फोटो काढायला त्यांना स्टुडिओत घेऊन गेले. त्या कॅमेऱ्यासमोर श्वास रोखून बसल्या, फोटोवाल्यानं दोनदा सांगितलं तेव्हा सोडला. मी त्यांना खुणेची गोष्ट तिथंच सांगितली, पायरीवर बसून, उसाचा रस पिताना. त्यांनी ग्लास खाली ठेवला. बराच वेळ रस्त्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "शेजारणीला इचारायचं हुतं की कवा येणार त्या." मी म्हटलं, विचारायला हवं होतं. त्यांनी उरलेला रस संपवला. राग गेला की नाही ते मला कळलं नाही. पुढच्या वेळी मेथीबरोबर कढीपत्ता आला नाही, त्याच्या पुढच्या वेळी आला.

नवं कार्ड पोस्टानं आलं. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, थंडीची सकाळ. आक्का साडेसातलाच हजर, हातात दुधाच्या पिशव्यांसारखी जाड प्लास्टिकची पिशवी, तोंडाला गाठ मारलेली. आत मतदान अधिकाऱ्यानं कार्ड मागितलं. त्यांनी गाठ सोडली आणि टेबलावर एकेक मांडायला सुरुवात केली. मतदार कार्ड, आधार, दोन्हींच्या झेरॉक्स, रेशन कार्ड, पासबुक, वीजबिल, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. अधिकारी म्हणाले, आजी, एवढं एक पुरे. त्या म्हणाल्या, "न्हाई, सगळी बगा." मागं रांग खोळंबली होती. अधिकाऱ्यांनी खरोखरच सगळी बघितली, एकेक उचलून, आणि परत दिली. शाई लागली. बाहेर आल्यावर त्यांनी मला बोट दाखवलं नाही, आधी कागद मोजून पिशवीत भरले.

ती पिशवी आता मंडईतही असते. बुट्टीच्या तळाशी, ओल्या फडक्याखाली, कोथिंबिरीच्या जुड्यांच्या खाली. पैसे ठेवायचा बटवा वेगळा, ही वेगळी. परवा सुट्टे शोधताना ती वर आली तेव्हा मी म्हटलं, "आक्का, कागद रोज कशाला आणता? घरी ठेवा की."

"घरात पाणी येतंय न्हवं, बाई," त्या म्हणाल्या, आणि गाठ ओढून बघितली.